आठवड्याचा एक शब्द आणि खिशातला मोबाईल

आमच्या व्हॉट्सॲप गटात सोमवारी एक शब्द दिला जातो, आठवडाभर त्यावर मोबाईलनं फोटो काढायचे आणि रविवारी गटात टाकायचे. असा विषय ठरवताना ‘आनंद’, ‘निसर्ग’, ‘आशा’ असले शब्द आधी बाजूला काढा. सोमवारी ‘आनंद’ दिला की रविवारी गटात गुलाबाची फुलं आणि कुणाच्या तरी नातवाचे दात येतात, हे ठरलेलं. शब्द असा हवा की डोळ्याला दिसला पाहिजे, हाताला लागला पाहिजे. गाठ, कडी, ओलं, पिवळं, टेकलेलं माणूस.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. दिवसभर वही, पावत्या आणि काटा. त्यामुळं फोटोसाठी सुट्टी काढा, दंडोबाला जा, हरिपूरच्या संगमावर जा, असं मी कुणाला सांगणार नाही. तिथं सहलीचे फोटो निघतात. आठवडाभर एक शब्द डोक्यात ठेवून रोजच्याच वाटेनं कामाला जायचं, एवढंच करायचं.

‘गाठ’ घ्या. पहिले दोन दिवस बुटाची नाडी नाहीतर पिशवीची गाठ, यापलीकडं काही सुचत नाही. सुचू नये. तिसऱ्या दिवसापासून दिसायला लागतं. आमच्याकडं पोतं भरलं की हमाल दाभणात सुतळी ओवून तोंड शिवतो, दोन्ही कोपरे पिळून धरायला कान काढतो आणि शेवटी सुतळीला असा हिसका देतो की गाठ तागात रुतून बसते. फोटो त्या हिसक्याचा. त्यासाठी उभं राहून वरून काढू नका, पोत्याच्या उंचीला बसा. मोबाईलमध्ये झूम करू नका, एक पाऊल पुढं सरका. दाराकडून आडवा उजेड येत असेल अशी बाजू धरा, म्हणजे तागाचा धागा न् धागा उठून दिसतो. फ्लॅश मारलात तर सगळं सपाट.

माणसाला विचारल्याशिवाय चेहरा घेऊ नका आणि काढलेला फोटो त्याला लगेच दाखवा. याचा फायदा असा की दुसऱ्या दिवशी हमालच हाक मारतात, “दिवाणजी, हिकडं या, ही बघा गाठ!”

पिवळा रंग मात्र मोबाईलला फसवतो. चौकट हळकुंडांनीच भरली की मोबाईल आपल्या अकलेनं रंग सारखा करायला जातो आणि राजापुरी हळदसुद्धा मातकट दिसते. चौकटीत काहीतरी पांढरं येऊ द्या, पावतीचा कागद, कुणाची टोपी. किंवा कॅमेऱ्यात प्रो मोड, म्हणजे सगळं आपल्या हातानं ठरवायची सोय, असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाचा तोल, उन्हाच्या खुणेवर ठेवा. उन्हातल्या हळदीवर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथंच लॉक होतो, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. नाहीतर हळकुंडावरची वळी जाऊन नुसता पिवळा डाग उरतो. आणि हो, आधी लेन्स पुसा. आमच्याकडं सीझनला हळदीची धूळ सगळ्यावर बसते. लेन्सवर बसली की प्रत्येक फोटोत धुकं.

दुपारी बाराच्या उन्हात माणसांचे फोटो काढू नका, डोळ्यांखाली काळे खड्डे दिसतात. त्यांना पत्र्याच्या सावलीत बोलवा.

पावसाळ्यात ‘ओलं’ हा शब्द एकदा तरी घ्याच. सांगलीकर पावसाळ्यात एकमेकांना आधी “पाणी किती फूट?” विचारतो, तब्येत नंतर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 च्या वर गेलं होतं. नदीचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही नदीकडं पाठ करा आणि पाणी बघायला आलेली माणसं काढा. कठड्यावर ओळीनं ठेवलेले हात, एका छत्रीत तिघं, मनातल्या मनात फूट मोजणारे आजोबा. पोलिसांनी दोरी लावली असेल तर अलीकडूनच. फोटोसाठी पुराच्या पाण्यात पाय घालणाऱ्याला आमच्या गटात कुणी शाबासकी देत नाही.

रविवारी रात्री निवड. एकाचा एकच फोटो. दोन चांगले असतील तर ज्यात विषय सांगावा लागत नाही तो ठेवा. ‘ओलं’ला फोटोखाली ‘ओलं’ लिहावं लागलं तर तो फोटो बाद. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा टाकलात तर फोटो दाबला जाऊन बारकावे जातात, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा.

ज्याचा फोटो आला नाही, त्यानं पुढचा शब्द द्यायचा. देण्याआधी स्वतःच्या स्वयंपाकघरात त्या शब्दाचे तीन फोटो निघतात का बघावं. निघत नसतील तर शब्द बदलावा.