"स्लो धरत नाही" म्हणून आलेली गाडी : गॅरेजला नव्याने लागणाऱ्यांसाठी

आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका दुचाकींच्या गॅरेजवर हाताखाली लागलो. पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त कानावर पडलेली तक्रार एकच : "गाडी स्लो धरत नाही." म्हणजे एक्सिलेटर सोडला की इंजिन हळू चालत राहत नाही. सिग्नलला थांबलं की बंद, एक्सिलेटर सोडला की बंद, नाहीतर चालू राहते पण नुसती थरथरते. माझा इलाजही ठरलेला होता. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उतरवायचा, धुवायचा, त्यातल्या जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकाच्या तोटीतून, हवा मारायची, परत चढवायचा. काही गाड्या त्याने खरोखर सुधारायच्या, म्हणून ती सवय अंगात मुरली.

ती सवय मोडली एका दूधवाल्या काकांच्या गाडीने. शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना कॅन. पहाटे घरून नीट निघायची, पहिली पाच-सहा घरं काही त्रास नाही. त्यानंतर मात्र दारात उभी केली की बंद. किक मारली की चालू, रस्त्याला लागली की पळते, पुढच्या दारात परत बंद. मी तीन वेळा कार्बोरेटर धुतला, स्लो जेट नवा घातला. तिसऱ्या वेळी स्लोचा स्क्रू इतका आवळला की गाडी उभ्या जागी ओरडायला लागली. दोन दिवसांनी काका परत आले. रागावले नाहीत. "पोरा, दारात थांबून थांबून दूध नासतंय रे माझं," एवढंच म्हणाले.

गॅरेजच्या मिस्त्रींनी पाना हातात घ्यायच्या आधी त्यांना विचारलं, "काका, गार असताना बंद पडते की गरम झाल्यावर?" तीन खेपांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून घेतली. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना टॅपेटची (वाल्व दाबणाऱ्या भागाची) झाकणं उघडली, मॅग्नेटवरची टी खूण, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण, जुळवली, दोन्ही वाल्व बंद असतात तो कॉम्प्रेशनचाच फेरा आहे ना ते बघितलं आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातला. त्या गाडीला ०.०५ मिलिमीटर फट हवी होती. एक्झॉस्टच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या) वाल्वला गेज आतच जाईना. आधी कुठेतरी टॅपेटचा आवाज येतो म्हणून ती आवळून घेतली होती. आवाज गेला, पण गरम झाल्यावर वाल्वचा दांडा लांबतो आणि त्याला सरकायला जागा राहिली नाही. वाल्व पूर्ण बसेना, कॉम्प्रेशन गळायला लागलं. पळत्या गाडीत ते कळत नाही, स्लोला मात्र इंजिनाकडे राखीव ताकद नसते. फट नीट केली, झाकणं लावली, स्लोचा स्क्रू जागेवर आणला. काम अर्ध्या तासाचं होतं.

म्हणून नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी बोलायला शिकवतो. कधी बंद पडते? गार, गरम, की ठरावीक अंतर गेल्यावर? पावसात भिजली होती का? किती दिवस उभी होती? कुणी आधी काही उघडलंय का? गिऱ्हाईक पाच मिनिटांत जे सांगतं ते शोधायला आपल्याला अर्धा दिवस लागतो.

त्यानंतर चोक, म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खिट्टी. फुकटची चाचणी आहे आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची. इंजिन गरम करा आणि चालू इंजिनवर चोक थोडा ओढून बघा. गाडी सावरली, तर तिला स्लोला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. आणखी गुदमरली, काळा धूर आला, तर पेट्रोल आधीच जास्त आहे. काहीच फरक नाही पडला, तर कार्बोरेटर सोडा. टॅपेट, प्लग आणि करंट बघा. या एका चाचणीने तीन वाटा वेगळ्या होतात.

पेट्रोल कमी पडत असेल तर पहिला संशय स्लो जेटवर. त्याचं भोक केसासारखं बारीक असतं, आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की पेट्रोल वाळून त्यात चिकट थर धरतो. मेन जेट मोठा असतो, म्हणूनच अशी गाडी पळते छान आणि थांबते वाईट. जेट उजेडाकडे धरून बघा, गोल स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. त्यात तार किंवा सुई घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ॲव्हरेज आणि स्लो दोन्ही हातचे गेले. कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा पुरते.

पण कार्बोरेटर उतरवायच्या आधी फ्लोट चेंबरचा, म्हणजे त्याच्या तळच्या पेट्रोलच्या वाटीचा, खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळे थेंब फिरताना दिसले तर ते पाणी. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हे फार येतं, आणि पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असल्यामुळे ते पाणी ओढूनही घेतं. अशा गाडीची टाकी साफ केल्याशिवाय कार्बोरेटर धुणं म्हणजे आठ दिवसांनी तेच काम परत.

जादा हवेचं लक्षण वेगळं. एक्सिलेटर सोडल्यावर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) लगेच खाली येत नाही, वर टांगून राहतो, मग एकदम पडतो आणि गाडी बंद. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या इन्सुलेटरला चीर असते किंवा ओरिंग (रबरी कडी) चपटी झालेली असते. चालू इंजिनवर त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच. क्लीनरचा स्प्रेही चालतो असं सांगतात, पण गरम सायलेन्सरशेजारी मी तो कधी मारू देत नाही.

पेट्रोल जास्त होत असेल तर एअर फिल्टर, अर्धवट अडकलेला चोक आणि फ्लोटची सुई (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी), याच क्रमाने बघा. प्लग काढून बघितला की खात्री पटते : कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी, चहाच्या रंगाचा म्हणजे ठीक. तेलकट असेल तर गोष्ट कार्बोरेटरच्या पलीकडची आहे.

दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडणारी आणि थोडं थांबल्यावर परत सुरू होणारी गाडी नवख्याला हमखास फसवते, कारण दोन अगदी वेगळे बिघाड सारखेच वागतात. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरेनासं होतं. बंद पडल्या क्षणी झाकण उघडा. फस्स आवाज आला आणि थोड्या वेळात गाडी लागली, तर दोष तिथेच. झाकण उघडूनही फरक नाही, तर लगेच प्लग काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठिणगी बघा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. गार असताना निळी आणि गरम झाल्यावर गायब, असं असेल तर दोष ठिणगी तयार करणाऱ्या भागांत : कॉइल, पल्सर किंवा सीडीआय. ही तपासणी गाडी बंद पडलेली असतानाच होते. ढकलत गॅरेजवर आणेपर्यंत ती गार होते आणि मग काही सापडत नाही. म्हणून अशा गाडीवर मी स्वतः फेरी मारतो, खिशात प्लगपाना घेऊन.

मिक्श्चरचा, म्हणजे स्लोला पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा, स्क्रू सगळ्यात शेवटी. हात लावण्याआधी तो हळूच पूर्ण आत फिरवून किती फेरे होते ते मोजा आणि लिहून ठेवा. जोर लावला तर टोक बसतं आणि नवा घालावा लागतो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो, आवळला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर आवळल्यावर कमी होतं. हे उलटसुलट केल्यामुळे माझे दोन दिवस गेले आहेत. पूर्ण आत बसवून साधारण दीड ते दोन फेरे बाहेर काढून सुरुवात करा, इंजिन गरम असू द्या, सगळ्यात वरचा आणि स्थिर आवाज जिथे मिळेल तिथे थांबा, मग स्लोच्या स्क्रूने आरपीएम खाली आणा. शंभर सीसीला १४००च्या आसपास बरं असतं. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. आवाज चढला तर एक्सिलेटरची केबल ताणलेली आहे, आणि तुम्ही केलेलं सेटिंग परत करायचं आहे.