हॉकीतल्या गोलकीपरचे रिफ्लेक्स मंद आहेत? आधी या चुका टाळा

फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे भारतीय हॉकी संघापर्यंत पोचल्या, तरी सातारा जिल्ह्यात शाळेच्या संघात गोलात उभं राहायला कुणी आपणहून पुढे येत नाही. जो येतो, त्याच्यावर दोन गोल झाले की शेरा ठरलेला: "रिफ्लेक्स मंद आहेत." मग वरून सोडलेली पट्टी पकडायचे खेळ आणि मोबाइलवरची अ‍ॅप सुरू. पहिली चूक हीच.

सोडलेली पट्टी २० सेंटिमीटरवर पकडली, की साधारण ०.२ सेकंद झाले. यात नवखा आणि मुरलेला कीपर यांत फारसा फरक दिसत नाही. डीच्या (गोलसमोर आखलेल्या अर्धगोलाच्या) टोकावरून, म्हणजे १४.६३ मीटरवरून, ताशी १०० किलोमीटरने निघालेला चेंडू जेमतेम अर्ध्या सेकंदात गोलात येतो. मुरलेला कीपर तो सुटायची वाटच बघत नाही. मारणाऱ्याचा पुढचा पाय कुठे पडला, कंबर किती वळली, यावरून तो अंदाज बांधतो. चेंडू पायाच्या बराच पुढे असेल, तर फटका बहुतेक मारणाऱ्याच्या डावीकडे ओढला जातो.

म्हणून सरांनी हाताने चेंडू फेकून घेतलेला सराव अपुरा पडतो. त्यात वाचायला काही नसतंच. खरा खेळाडू पळत येऊन मारू दे. कीपरने सुरुवातीला अडवूच नये, फटका बसायच्या आत नुसतं "डावी" किंवा "उजवी" ओरडावं.

पेनल्टी कॉर्नरला (बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल गोलरेषेवरून चेंडू आत देऊन मिळणाऱ्या संधीला) तर हे वाचन नियमातच दडलंय. पहिला फटका हिट, म्हणजे स्टिक मागे नेऊन मारलेला असेल, तर गोलरेषेवर तो गोलातल्या ४६० मिलिमीटरच्या फळीपेक्षा उंच चालत नाही. फ्लिकला, म्हणजे स्टिकने ओढून भिरकावलेल्या चेंडूला, ती मर्यादा नाही. स्टिक मागे उचललेली दिसली तर खाली जा. जमिनीलगत चेंडू ओढत आणत असेल तर उभे राहा. आपली पोरं दोन्ही वेळेला आडवी होतात!

दुसरा घोळ पायांचा. बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढा (मोबाइलचा खरा उपयोग हा). स्टिक चेंडूला लागते त्या क्षणी कीपर अजून पुढे पळतोय किंवा टाचांवर रेललाय, असं दिसलं तर उशिराचं कारण सापडलं. कोन कमी करायला पुढे यावंच, पण फटक्याआधी थांबून.

मुरमाच्या मैदानावर चेंडू ऐनवेळी उसळतो. तिथे लांबून आलेला फटका किकरने (बुटावरच्या जाड कवचाने) तडकावू नका. दोन्ही पॅड जुळवून आधी अडवा, मग बाहेर काढा.