सर्बियन शिकताना मराठी हाताशी ठेवा

बेलग्रेडला येऊन मला तीन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. पुण्याहून माझे दीर आणि जाऊबाई येणार होते. घरमालकीणबाईंना ते सांगताना मी शब्द जुळवत होते, ‘माझ्या नवऱ्याचा भाऊ, आणि त्याची बायको’. त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, एवढं लांबण कशाला, ‘देवेर’ म्हण. आणि त्याची बायको तुझी ‘येत्र्वा’.

देवेर म्हणजे संस्कृतातला देवर, आपला दीर. येत्र्वा हे संस्कृत ‘यातृ’चं भावंड, आणि आपली ‘जाऊ’सुद्धा त्याच ‘यातृ’वरून आली. त्या दिवशी मी त्यांना वही-पेन घेऊन सगळं गोत विचारलं. सून म्हणजे ‘स्नाहा’ (आपली स्नुषा), सासरा ‘स्वेकार’, सासू ‘स्वेक्र्वा’. काका ‘स्त्रित्स’, मामा ‘उयाक’, काकू ‘स्त्रिना’, मामी ‘उयना’. साडूलासुद्धा शब्द आहे, ‘पाशेनोग’. बायकोच्या बहिणीला म्हणतात ‘स्वास्तिका’. आत्या आणि मावशी मात्र दोघीही ‘तेत्का’.

तोवर मी ही भाषा इंग्रजीतून शिकत होते. इंग्रजीत या निम्म्या माणसांना नावंच नाहीत. माझी चूक तिथेच होती, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: इंग्रजी पाठ्यपुस्तक वापरा, पण मनातली तुलना मराठीशी करा.

पहिलं काम लिपीचं. सर्बियन दोन लिप्यांत लिहितात, ‘चिरिलित्सा’ (म्हणजे सिरिलिक, रशियनसारखी लिपी) आणि रोमनवर आधारलेली ‘लातिनित्सा’. सरकारी कामकाज पहिलीत चालतं. दुकानांच्या पाट्या आणि मोबाइलवरचे मेसेज बरेचसे दुसरीत. लातिनित्सावर भागतं म्हणून पुष्कळ जण चिरिलित्सा टाळतात. टाळू नका, आठ दिवसांचं काम आहे. अडचण फक्त ओळखीच्या चेहऱ्यांची आहे: रोमन ‘पी’सारखं दिसतं ते ‘र’, ‘एच’सारखं ते ‘न’, ‘सी’सारखं ते ‘स’, ‘बी’सारखं ते ‘व’. हाताने लिहिताना ‘प’ आणि ‘त’ या अक्षरांवर आडवी रेघ देतात. शिरोरेषेची सवय असल्यामुळे असेल, मला ती लगेच आवडली.

दोन्ही लिप्यांत ध्वनी तीसच, आणि प्रत्येकाचं चिन्ह ठरलेलं. सर्बियन भाषेचे सुधारक व्हुक काराजिच यांनी 1818 साली आपला शब्दकोश छापला तो याच तत्त्वावर: बोलतोस तसं लिही, लिहिलंय तसं वाच. त्यांच्या सुधारणेला सर्बियात अधिकृत मान्यता 1868 साली मिळाली, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. म्हणून इथे स्पेलिंग पाठ करायचं नसतं. शेक्सपिअरसुद्धा उच्चाराप्रमाणेच लिहितात, आपण देवनागरीत लिहितो तसा.

उच्चारांत आपण सुखी आहोत. ‘चाक’ आणि ‘चूल’ यांतला दंततालव्य च इंग्रजी माणसाला वेगळा शिकावा लागतो, आपल्याला नाही. ‘चार’मधल्या च चे मात्र इथे दोन प्रकार आहेत, एक जाड आणि एक मऊ. त्यांना कान द्यावा लागतो. आणि ‘प्र्स्त’ (बोट), ‘त्र्ग’ (चौक), ‘क्र्व’ (रक्त) अशा शब्दांत र एकटाच स्वराचं काम करतो. आपण ऋ ला ‘रु’ करून टाकलं. मूळचा ऋ कसा असेल, याचा अंदाज मला इथल्या भाजीबाजारात आला.

आता विभक्ती. सात विभक्त्या ऐकून लोक घाबरतात. आपण आठ पाठ केल्यात. पाठ्यपुस्तकातल्या लॅटिन नावांसमोर मी पेन्सिलीने मराठी नावं लिहिली: नॉमिनातिव प्रथमा, अकुझातिव द्वितीया, इन्स्त्रुमेंताल तृतीया, दातिव चतुर्थी, गेनितिव षष्ठी, लोकातिव सप्तमी, वोकातिव संबोधन. पंचमीचं काम षष्ठीच करते. ‘पेन्सिलीने लिहिते’ याला ‘पिशेम ओलोवकोम’, ‘बसने जाते’ याला ‘इदेम आउतोबुसोम’. ‘ने’ जसा शब्दाला चिकटतो तसाच ‘ओम’ चिकटतो, वेगळा शब्द लागत नाही. आपल्या गावाचीही रूपं होतात. पुणे इथे ‘पुना’ आणि स्त्रीलिंगी, म्हणून पुण्याहून म्हणजे ‘इझ पुने’, पुण्यात म्हणजे ‘उ पुनि’.

संबोधन तर रोज कानावर पडतं. घरमालकीणबाई मला ‘सिने’ म्हणतात. शब्दशः ते ‘मुला’, पण मुलींनाही मायेने तसंच हाकारतात. आपल्याकडे लेकीला ‘बाळा’ म्हणतात ना, तसं.

एका ठिकाणी मात्र मराठी फसवते. आपण ‘शाळेत आहे’ म्हणतो आणि ‘शाळेत जाते’ही म्हणतो. सर्बियनमध्ये असणं आणि जाणं यांची रूपं वेगळी: असाल तर ‘उ श्कोलि’, जात असाल तर ‘उ श्कोलु’. पहिली सप्तमी, दुसरी द्वितीया. ही चूक मी वर्षभर केली. शेवटी प्रत्येक जागेचं नाव दोन्ही रूपांत मोठ्याने म्हणायची सवय लावली, तेव्हा सुटली.

वाक्यरचनेत पुन्हा घरी आल्यासारखं वाटतं. ‘मला आवडतं’ हे ‘स्विजा मि से’, ‘मला थंडी वाजते’ हे ‘ह्लादनो मि ये’, ‘मला झोप येतेय’ हे ‘स्पावा मि से’. इथे ‘मि’ म्हणजे मला. (तोच ‘मि’ कर्ता असला की अर्थ ‘आम्ही’. आपला ‘मी’ तेवढा कुठेच बसत नाही.) नाही, नाहीस, नाहीत अशी आपली नकाराची रूपं चालतात, तशीच इथे निसाम, निसि, निये, निस्मो, निस्ते, निसु. बाई ‘इश्ला साम’ म्हणते, पुरुष ‘इशाओ साम’, म्हणजे ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’. लिंगं तीन, तू-तुम्हीचा भेदही तोच. दुकानदाराशी, अनोळखी माणसाशी ‘वि’नेच, म्हणजे ‘तुम्ही’नेच बोला.

आकड्यांत जरा थांबावं लागतं. एक कॉफी ‘येदना काफा’, दोन, तीन, चार असल्या तर ‘काफे’, पाचपासून पुन्हा ‘काफा’, पण ती षष्ठीची अनेकवचनी. दोनाचं वेगळेपण ही जुन्या द्विवचनाची खूण आहे, पुढे ती तीन-चारलाही लागली. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही.

शब्दांवरच्या सुरांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. ‘ग्राद’ लांब म्हटलं तर शहर, आखूड म्हटलं तर गारा, पण संदर्भाने लोक समजून घेतात. क्रोएशियन किंवा बोस्नियन शिकवणारं साहित्य मिळालं तर जरूर वापरा. इतक्या जवळच्या भाषा आहेत की बरंचसं जसंच्या तसं चालतं. फक्त रोजचे शब्द तपासून घ्या: पावाला इथे ‘ह्लेब’, तिकडे क्रोएशियात ‘क्रुह’, आगगाडीला इथे ‘वोझ’, तिकडे ‘व्लाक’.

सगळ्यात जास्त वेळ द्या क्रियापदांच्या जोड्यांना. चालू असलेल्या क्रियेला एक क्रियापद, पुरी झालेल्या क्रियेला दुसरं. ‘चिताला साम’ म्हणजे वाचत होते, ‘प्रोचिताला साम’ म्हणजे वाचून काढलं. वाचलं आणि वाचून काढलं, खाल्लं आणि खाऊन टाकलं हा फरक आपल्या कानात आहेच. पण मराठीत ‘काढणं’, ‘टाकणं’ लावणं आपल्या मर्जीवर असतं. इथे प्रत्येक वेळी निवडावंच लागतं, आणि जोडी कशी बनते याचा एक नियम नाही.

दीर-जाऊबाई आले त्या संध्याकाळी घरमालकीणबाईंना जेवायला बोलावलं होतं. त्यांनी दारातून विचारलं, ‘येसि लि स्कुवाला?’ स्वयंपाक झाला का? मी म्हणाले, ‘कुवाला साम’. त्यांना वाटलं, अजून चाललाय. पाहुण्यांना आधी निवांत बसू दे म्हणून त्या वर निघून गेल्या. अर्ध्या तासाने मी बोलवायला गेले तेव्हा कळलं, फरक एका ‘स’चा होता. तेव्हापासून माझ्या वहीत एकटं क्रियापद लिहिलेलं नाही. कुवाति–स्कुवाति, चिताति–प्रोचिताति, पिसाति–नापिसाति. आज चाळीस पानं झाली आहेत.