लहान मुलाला लोहाचे औषध कशासोबत द्यावे?

‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर सिरप दिले जाते, आणि त्या प्रत्येक मात्रेत २० मिलिग्रॅम लोह असते. आशाताईंनी दिलेले हे औषध मूल कुरकुर न करता घेते म्हणून पुष्कळ घरांत दुधात कालवून पाजले जाते. परंतु दुधातील कॅल्शियम आणि केसिन लोहाचे शोषण कमी करतात, म्हणून दूध व औषध यांत सुमारे दोन तासांचे अंतर ठेवावे. चहा त्याहूनही वाईट, कारण त्यातील टॅनिन लोहाला आतड्यातच बांधून ठेवते. चहात बुडवलेली पोळी किंवा बिस्किट या वयात देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

औषध साध्या पाण्यासोबत किंवा ताज्या मोसंबीच्या दोन-चार चमचे रसासोबत द्यावे, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह शोषले जाण्याजोग्या रूपात राहते. ड्रॉपरने ते गालाच्या आतल्या बाजूला सोडले की दातांवर डाग कमी पडतात. शी काळसर झाली तर घाबरू नये; मळमळ होत असल्यास आधी थोडे खाऊ घालावे. बाटली मात्र मुलाचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावी, कारण जास्त मात्रा जिवावर बेतू शकते.