ड्रोनच्या चाचणी-उड्डाणाचे प्रशिक्षण घेताना या चुका टाळा

रिमोट पायलटचे प्रमाणपत्र हाती आले की आपण नव्या ड्रोनची चाचणीही घेऊ शकतो, असा समज मराठवाड्यातील अनेक प्रशिक्षणार्थींमध्ये आढळतो आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात. ते प्रमाणपत्र गुण-दोष माहीत असलेले विमान सुरक्षितपणे कसे चालवावे, हे शिकवते. चाचणी-उड्डाणात मात्र विमान कसे वागेल हेच शोधायचे असते, त्यामुळे तेथे हातातील कौशल्याइतकेच लेखी तयारीला महत्त्व असते.

‘उडवून तर पाहू’ म्हणून केलेले उड्डाण ही चाचणी नव्हे. प्रत्येक उड्डाणाच्या टेस्ट कार्डवर एक प्रश्न, अपेक्षित आकडा आणि कोणत्या आकड्याला थांबायचे ती मर्यादा आधीच लिहिलेली हवी. आपल्याकडच्या उन्हाळ्याचेच उदाहरण घ्या. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. तेथे ४० अंश तापमानात हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाणित घनतेपेक्षा साधारण १४ टक्क्यांनी कमी भरते, आणि तेवढेच वजन हवेत स्थिर धरण्यासाठी पंख्यांचे फेरे व मोटारीला लागणारी शक्ती ही दोन्ही सुमारे ८ टक्क्यांनी वाढतात. हा हिशेब कार्डवर नसेल तर जानेवारीतील थंड सकाळी निर्धोक ठरलेला ड्रोन मे महिन्यात पूर्ण भाराने उचलताना मोटारी कमाल क्षमतेजवळ जातात आणि वाऱ्याच्या झोताला तोंड द्यायला शक्ती उरत नाही. घनता, वजन आणि वारा यांची नोंद नसलेल्या उड्डाणाचा निष्कर्ष मी ग्राह्य धरत नाही.

दुसरी चूक घाईची आहे. प्रोपेलर बदलला, त्याच वेळी नियंत्रकाच्या सेटिंगही बदलल्या आणि ड्रोन थरथरू लागला, तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल करावा. फवारणीच्या ड्रोनची चाचणी रिकाम्या आणि भरलेल्या टाकीवर संपवणेही चुकीचेच. अर्धवट भरलेल्या टाकीतील द्रव हेलकावतो, त्यामुळे वळताना आणि थांबताना गुरुत्वमध्य सरकतो. म्हणून मधल्या पातळ्यांवरही, भार टप्प्याटप्प्याने वाढवत, उड्डाणे घ्यावीत.

ड्रोन एका जागी राहण्याऐवजी वाढत्या वर्तुळात फिरू लागला, तर संशय आधी होकायंत्रावर घ्यावा. वाहनाजवळ, लोखंडी शेडखाली किंवा सळया असलेल्या काँक्रीटवर त्याचे कॅलिब्रेशन (अचूकतेची जुळणी) केलेले असते, किंवा बॅटरीच्या तारा त्याच्या अगदी शेजारून गेलेल्या असतात. उंची आपोआप वरखाली होत असेल तर लॉगमधील (उड्डाणाच्या आपोआप साठलेल्या नोंदींतील) कंपने पाहावीत: आर्डुपायलट या खुल्या ऑटोपायलट सॉफ्टवेअरमध्ये ती ३० मीटर प्रति सेकंद वर्गापेक्षा कमी असणे सर्वसाधारणपणे समाधानकारक मानले जाते आणि ६० च्या वर अडचण जवळजवळ ठरलेलीच असते. बॅटरीचे व्होल्टेज जमिनीवर नव्हे, भाराखाली वाचावे.

फेलसेफची, म्हणजे संपर्क तुटल्यास किंवा बॅटरी घटल्यास ड्रोनने आपोआप परतण्याच्या वा उतरण्याच्या सोयीची, चाचणी शेवटच्या दिवसावर ढकलू नये. आर्डुपायलटच्या मल्टिकॉप्टरमध्ये उड्डाणाच्या जागी परतण्याची उंची आपण बदलली नाही तर १५ मीटर असते. शेताच्या बांधावरचा जुना कडुनिंब किंवा वीजवाहिनीचा मनोरा त्याहून उंच असू शकतो. ही उंची प्रत्यक्ष जागा पाहून ठरवावी.

कायद्याबाबतही गल्लत होते. ड्रोन नियम, २०२१ मध्ये मान्यताप्राप्त स्टार्टअप, सरकारी किंवा सरकारमान्य शैक्षणिक संस्था आणि उत्पादक अशांना संशोधन व विकासाच्या उड्डाणांसाठी टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या मॉडेलला मिळणारी मान्यता) आणि रिमोट पायलट प्रमाणपत्रातून सूट आहे, मात्र ती हरित क्षेत्रात (नकाशावरील ‘ग्रीन झोन’, जिथे उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही) आणि स्वतःच्या आवारात किंवा आपल्या ताब्यातील मोकळ्या जागेतच लागू होते. शेजाऱ्याचे रिकामे रान त्यात बसत नाही. चिकलठाणा किंवा नांदेड विमानतळाच्या आसपास जागा निवडण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरील नकाशा पाहणे अनिवार्य समजावे.

राहिला प्रश्न माणसांचा. पायलटनेच आकडे वाचायचे आणि निर्णयही घ्यायचा, अशी व्यवस्था ठेवू नये. चाचणीप्रमुख, पायलट आणि निरीक्षक वेगळे असावेत, आणि ‘थांबा’ हा शब्द तिघांपैकी कोणीही उच्चारला तरी पायलटने कारण न विचारता ड्रोन ठरलेल्या सुरक्षित स्थितीत आणून उतरवावा. कारणाची चर्चा प्रोपेलर थांबल्यावर करावी.