गोव्यात राहून रबर केमिस्ट व्हायचं असेल तर

बीएस्सीची पोरं दरवर्षी विचारतात, सर रबरात जायचं तर कुठला कोर्स करू? कोर्सचं नंतर बघू, आधी सत्तरी तालुक्यात नाहीतर सांग्याला ओळखीच्या कुणाच्या रबराच्या बागेत पहाटे जाऊन या, पहाटेच, कारण ऊन चढलं की झाडातला दाब उतरतो नि चीक मंदावतो. ग्लासभर चीक आणा आणि त्यात चमचा चमचा व्हिनेगर घाला. सोलकढीत आगळ जास्त पडलं की रस फाटतो ना, तसाच हा फाटतो. चिकात रबर 30-40 टक्के, बाकी बहुतेक पाणीच. गोळा पिळून वाळवा नि उन्हात ठेवा, हाताला चिकटायला लागेल. ही चिकचिक गुडइयरने 1839 मध्ये गंधक आणि उष्णतेने घालवली, आपला सगळा धंदा त्यावरच उभा आहे.

आता कोर्स. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन खरगपूर आयआयटीत रबर टेक्नॉलॉजी, नाहीतर कोचीनला कुसॅट विद्यापीठ. रिसर्चचीच ओढ असेल तर कोट्टायमची रबर संशोधन संस्था बघा. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा काढून ठेवा, पीएचडी करतानाच, नंतर अभ्यासाला बसवत नाही.

खरं शिक्षण मिलवर, म्हणजे दोन रोलांमध्ये रबर मळायच्या यंत्रावर होतं. रेसिपी सोपी दिसते, 100 भाग रबर, 5 झिंक ऑक्साइड, 2 स्टिअरिक ॲसिड, अडीच गंधक, थोडा ॲक्सिलरेटर, म्हणजे रबर लवकर शिजवणारं रसायन, पण क्रम चुकला की संपलं. पहिल्या नोकरीत मी घाईत गंधक नि ॲक्सिलरेटर कार्बन ब्लॅकच्या, म्हणजे रबरात घालायच्या काजळीच्या आधीच टाकला, रोल तापलेले, दहा मिनिटांत पट्टी दाणेदार झाली, स्कॉर्च, म्हणजे रबर वेळेआधीच शिजायला लागलं. शिजलेलं रबर परत मऊ होत नाही, अख्खी बॅच सुरीने कापून काढली, वरून शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच. म्हणून हे दोन शेवटी, रोल थंड करून. आणि रबर कसं शिजतंय ते मोजणाऱ्या रिओमीटरचा ग्राफ फाइलला लावण्याआधी स्वतः वाचा, स्कॉर्च किती मिनिटांनी सुरू होतोय ते त्यात दिसतं.

शिकवायला उभे राहाल तेव्हा पहिल्या तासाला फळ्यावर एन्ट्रॉपी लिहू नका. प्रत्येकाला रुंद रबरबँड द्या, झटकन ताणून ओठाला लावायला सांगा, गरम लागतो. ताणलेलाच थोडा वेळ धरा, मग सैल सोडून लगेच परत लावा, गार. का ते त्यांनाच विचारा नि गप्प बसा. रबरबँड मात्र नव्या पाकिटातले घ्या, माझा एकदा ओठावरच तुटलाय.