सुरकुत्या: क्रीमच्या आधी ऊन सांभाळा

वयानुसार त्वचेतलं कोलॅजन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन) कमी होतं, ते काही थांबवता येत नाही, पण चेहऱ्यावरच्या बऱ्याचशा सुरकुत्या उन्हामुळे पडतात आणि ते मात्र आपल्या हातात आहे. पटत नाही? दंडाच्या आतली कातडी बघा, मग पंजाची मागची बाजू बघा, वय दोन्हींचं एकच ना!

म्हणून रोज सकाळी एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० चं सनस्क्रीन, चेहरा-मान मिळून दोन बोटांवर मावेल एवढं, ढगाळ असलं तरी लावायचंच कारण सुरकुत्या पाडणारे उन्हातले यूव्हीए (अतिनील) किरण ढगांतून, खिडकीच्या काचेतूनही येतात. बाहेर असाल तर दर २ तासांनी परत. स्कूटीवर स्कार्फ बांधलात तरी कपाळ उघडं राहतं हं. रात्री रेटिनॉल (‘अ’ जीवनसत्त्वाचं, सुरकुत्यांवरचं क्रीम) वाटाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून २ दाच, गरोदरपणात अजिबात नको. आणि सिगारेट सोडा, प्लीज.